रात्रपाळीच्या ताईला काय माहीत असतं? निवासी दिव्यांग संस्थांमधला केअर प्लॅन आणि घटनेची नोंद

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत. जिथं रेंज नाही तिथं ऐकता आलं नाही तरी वाचता यावं, एवढाच हेतू.)

[००:००] एक व्हॉइस मेसेज

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. मेसेज पाठवणारी ताई एकवीस वर्षांची आहे, आपल्या धाराशिव जिल्ह्यातलीच. तिला विचारूनच सांगतोय. तिचं नाव, गाव आणि संस्था मात्र सांगणार नाही.

तिचा धाकटा भाऊ तेरा वर्षांचा. बौद्धिक दिव्यांगता आहे, बोलणं चार-पाच शब्दांपुरतं, आणि अधूनमधून फिट येते. तो एका निवासी संस्थेत राहतो. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळी निघते, ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परत येते. तेवढे महिने भावाला भेटायला जाणारी घरातली एकटी हीच.

मेसेज असा होता: "दादा, संक्रांतीनंतर मी भावाला भेटायला गेलते. बघते तर कपाळावर चार टाके. विचारलं तर म्हणले, पडला. कुठं पडला? एक जण म्हणले बाथरूममध्ये, दुसरे म्हणले पायरीवर. कधी? तर म्हणले, झाले असतील आठ-दहा दिवस. मला कळंनाच पुढं काय विचारावं. त्याला तर सांगता येत न्हाई. मी काय विचारायला पाहिजे होतं?"

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तिथं कुणी त्याला मारलं, असं ती म्हणत नाहीये आणि मीही म्हणत नाहीये. पोरगं खरंच पडलं असेल. पण चार टाके पडले आणि कसं, कुठं, कधी हे एकालाही नीट सांगता आलं नाही, हे काही साधं नाही.

आणि याच्या मागं अजून एक धागा आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी असताना त्याला दोन फिट आल्या होत्या. सुट्टी संपल्यावर आई त्याला सोडायला गेली तेव्हा तिनं गेटवरच सांगितलं होतं, "सर, याची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी फिट येतीया. पाण्यापाशी एकलं सोडू नका बरं का." सर "बरं बरं" म्हणाले. आई टोळीबरोबर निघून गेली.

आता मला सांगा, तो निरोप कुठं गेला? सरांनी दिवसपाळीच्या मावशींना सांगितलाही असेल. पण पहाटे पाचला पोरांना अंघोळीला उठवते ती रात्रपाळीची काळजीवाहक ताई. ती कदाचित महिन्यापूर्वीच कामाला लागली असेल. तिला तो निरोप कसा कळणार?

आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

[०२:५०] केअर प्लॅन म्हणजे नेमकं काय

केअर प्लॅन, म्हणजे काळजी योजना. एखाद्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला रोज काय लागतं, काय चालत नाही, धोका कशाचा आहे आणि तसं झालं तर काय करायचं, हे लिहून ठेवलेला कागद.

आपल्याकडे संस्था दोन प्रकारच्या दिसतात. एक म्हणजे निवासी विशेष शाळा. लोहारा तालुक्यात सास्तूरला आहे तशी. इथं मुलं शिकायला राहतात, सुट्टीत घरी जातात. दुसरं म्हणजे बालगृह. धाराशिवजवळ आळणीला मतिमंद मुलींचं बालगृह आहे, तसं. बालगृहात बालकल्याण समितीच्या आदेशानं मुलं येतात, आणि कितीतरी मुलांना सुट्टीत जायला घरच नसतं. (ही नावं फक्त प्रकार कळावेत म्हणून घेतली. त्या ताईच्या गोष्टीशी त्यांचा संबंध नाही.)

बालगृहांना बाल न्याय कायदा २०१५ लागू होतो. त्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना ठेवायला सांगितलंय. त्यासाठी ठरलेला फॉर्म आहे, नमुना ७. मुलाच्या प्रगतीची नोंद पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर दर महिन्याला करायची, असं त्यातच छापलेलं आहे. विशेष शाळांमध्ये वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम असतो. पण त्यात भर शिकण्यावर असतो. मुलाला रात्री काय होतं, हे त्यात येईलच असं नाही.

अडचण काय होते, की ही फाईल ऑफिसच्या कपाटात असते आणि किल्ली ऑफिसातल्या माणसाकडं. तपासणी आली की फाईल बाहेर निघते. मुलाला हात लावणारी माणसं, म्हणजे काळजीवाहक, स्वयंपाकी मावशी, रात्रीचा वॉचमन, यांच्यापर्यंत ती पोचत नाही.

म्हणून मोठ्या फाईलबरोबर प्रत्येक मुलाचं एक पान वेगळं पाहिजे. एकच पान, साध्या मराठीत. त्यात काय असावं?

- फिट, अॅलर्जी, दमा, गिळायला त्रास, असं काही असेल तर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.
- औषधं: नाव, किती, किती वाजता, आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला.
- जेवण: घास बारीक करून द्यायचा का, पाणी घट्ट करून द्यायचं का, बसवून भरवायचं का.
- अंघोळ, संडास, झोप: एकटा करतो, की कुणीतरी जवळ लागतं.
- बोलत नसेल तर दुखतंय, भूक लागली, भीती वाटते, हे तो कसं दाखवतो.
- चिडतो कशानं, शांत होतो कशानं.
- घरच्यांचे आत्ता लागणारे दोन फोन नंबर.
- खाली तारीख आणि कुणी लिहिलं त्याचं नाव.

शेवटची ओळ क्षुल्लक वाटेल, पण तिला फार किंमत आहे. ज्या पानावर तारीख नाही, ते पान आजचं आहे की तीन वर्षांपूर्वीचं, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

[०५:४०] ऑक्सफर्डमधला एक मुलगा

आता थोडं लांब जाऊया. तुम्हाला वाटेल, आपल्याकडं पैसा नाही, माणसं कमी, म्हणून असं होतं. इंग्लंडात ऑक्सफर्ड शहरात काय झालं ते ऐका.

कॉनर स्पॅरोहॉक नावाचा अठरा वर्षांचा मुलगा. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता आणि फिट. मार्च २०१३ मध्ये त्याला स्लेड हाऊस नावाच्या सरकारी आरोग्यसेवेच्या एका छोट्या युनिटमध्ये ठेवलं. रुग्ण थोडेच, कर्मचारी भरपूर, नर्स, डॉक्टर सगळं होतं. मे महिन्यात त्याची आई सारा रायन हिच्या लक्षात आलं की कॉनरनं जीभ चावलीय. फिट येऊन गेली असावी, असं तिनं युनिटला कळवलं. पण त्याच्या फिटच्या धोक्याचा नीट विचार करून प्लॅन बदलला गेला नाही. अंघोळीच्या वेळी कुणीतरी सतत जवळ पाहिजे, असं काही ठरलं नाही.

४ जुलै २०१३ ला तो बाथटबमध्ये एकटा असताना त्याला फिट आली आणि तो बुडाला. दाखल झाल्यापासून १०७ दिवसांनी.

सुरुवातीला संस्थेनं हा नैसर्गिक मृत्यू असल्यासारखं सांगितलं. आई थांबली नाही. २०१५ मध्ये ज्युरीसमोर चौकशी झाली आणि या मृत्यूला हलगर्जीपणाचा हातभार लागला, असा निष्कर्ष आला. मार्च २०१८ मध्ये कॉनर आणि आणखी एका रुग्णाच्या मृत्यूबद्दल सदर्न हेल्थ या ट्रस्टला न्यायालयानं २० लाख पौंड दंड केला.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. आई गेटवर जे बोलून गेली, तेच सारा रायन सांगत होती. माहिती तिथं होती. ती प्लॅनमध्ये उतरली नाही, आणि अंघोळ घालणाऱ्या माणसापर्यंत पोचली नाही. भरपूर पैसा आणि माणसं असूनही पोचली नाही.

[०८:००] प्लॅन कधी बदलायचा

"वर्षातून एकदा" हे उत्तर चुकीचं आहे. वर्षातून किंवा सहा महिन्यांतून एकदा सगळा प्लॅन नव्यानं बघायचा, ते ठीक. पण बदल व्हायचा तेव्हा वर्ष संपायची वाट बघत नाही. खालीलपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी पान उघडायचं:

मूल सुट्टीवरून परत आलं. औषध बदललं, नाहीतर त्याचा डोस बदलला. फिट आली, पडलं, भाजलं, घास अडकला, संस्थेबाहेर निघून गेलं. दवाखान्यात जाऊन आलं. वजन उतरायला लागलं. वागणं अचानक बदललं, म्हणजे हसरं पोर गप्प झालं, किंवा अंथरूण ओलं व्हायला लागलं. घरी मोठं काहीतरी घडलं, आजी वारली, आई आजारी पडली. किंवा मूल वयात आलं.

आपल्या जिल्ह्यासाठी यात एक जास्तीची गोष्ट आहे. कळंब, वाशी, भूम, परांडा या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पुष्कळ. हंगामात आई-बाप कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. फोनला रेंज नाही, रिचार्ज संपलेलं, कधीकधी नंबरच बदललेला. मग इकडं पोराला दवाखान्यात न्यायची वेळ आली की फॉर्मवरच्या नंबरावर "आपण डायल केलेला क्रमांक..." ऐकायचं. म्हणून दिवाळीनंतर पोराला सोडतानाच लिहून घ्यायचं: कोणत्या कारखान्याला चाललाय, टोळीतल्या आणखी एकाचा नंबर, मुकादमाचा नंबर, आणि गावात मागं राहिलेल्या एका नातेवाइकाचा. दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक. सुट्टीवरून आलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकाला गेटवरच पाच मिनिटं बसवा आणि विचारा: औषध रोज दिलं का, फिट आली का, पोट कसं होतं, काही नवीन दिसलं का. उत्तरं समोरच लिहायची. आई अंगठा करत असेल तर वाचून दाखवायची. त्या दिवशी गेटवर एवढं झालं असतं, तर "पाण्याजवळ एकटं सोडायचं नाही" हे वाक्य त्या पानावर सगळ्यात वर आलं असतं.

आणि पान बदललं की काम संपत नाही. ड्युटी बदलताना तोंडी सांगायचं आणि रजिस्टरला सही घ्यायची. "आज तीन गोष्टी नव्या आहेत" असं जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं. वाचता न येणाऱ्या मावशी असतील तर चित्र लावा. बादलीवर लाल खूण, म्हणजे या पोराला एकटं सोडायचं नाही. फक्त खुणेचा अर्थ आतल्या लोकांपुरता ठेवा. मुलाच्या आजाराची पाटी त्याच्या पलंगावर टांगू नका.

[११:१०] घटना कशाला म्हणायचं

आता दुसरा भाग, घटनेची नोंद. बहुतेक ठिकाणी घटना म्हणजे पोलीस केस, असं समजतात. मग नोंद करायची म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात.

खरं तर मुलाला इजा झाली, होऊ शकली असती, किंवा त्याच्या बाबतीत ठरलेलं काम चुकलं, तर ती घटना. पडणं, भाजणं, फिट, चुकीचं औषध किंवा चुकलेला डोस, अंगावरचा कारण न कळणारा काळानिळा डाग, मुलांमधली मारामारी, कुणी मारणं, बांधणं, कोंडणं, उपाशी ठेवणं, अंगाला नको तसा हात लावणं, मूल हरवणं, मृत्यू. हे सगळं.

आणि यात एक प्रकार कुणीच लिहीत नाही, तो म्हणजे थोडक्यात हुकलेलं. पोरगं गरम आमटीच्या पातेल्याजवळ गेलं आणि मावशींनी ओढून घेतलं. काही झालं नाही, म्हणून विषय संपला. पण स्वयंपाकघराचं दार उघडं राहतं हे त्या दिवशी फुकटात कळलं होतं. लिहिलं असतं तर दाराला कडी लागली असती.

[१२:४०] नोंद लिहायची कशी

समजा रजिस्टरला असं लिहिलंय: "मुलगा पडून किरकोळ दुखापत. उपचार केले. प्रकृती ठीक." आपल्याकडच्या नोंदी बऱ्याचदा अशाच असतात. वाचून काय कळलं? काहीच नाही.

आता तीच नोंद अशी बघा: "सकाळी ५:२० वाजता अंघोळीच्या खोलीत, नळाजवळ, मुलगा खाली पडलेला दिसला. पडताना कुणी पाहिलं नाही. मी बाहेर दुसऱ्या मुलाला कपडे घालत होते. आवाज आला म्हणून आत गेले. डाव्या भुवईच्या वर जखम, रक्त येत होतं. हातपाय झटकत होता, अंदाजे एक मिनिट. चड्डी ओली होती. नंतर दहा-पंधरा मिनिटं ओळख देत नव्हता. ५:३० ला अधीक्षकांना फोन केला. ६:१० ला दवाखान्यात नेलं, चार टाके. ७:०० ला बहिणीला फोन केला. रात्री एकपासून तो जागाच होता."

ही दुसरी नोंद मी उदाहरण म्हणून तयार केलीय. पण फरक बघा. ही वाचून डॉक्टरला लगेच कळेल की पोरगं नुसतं घसरलं नव्हतं, बहुतेक फिट आली होती. आणि "रात्री एकपासून जागाच होता" हे शेवटचं वाक्य आईच्या निरोपाशी जाऊन जुळतं: झोप मोडली की फिट येते.

लिहिताना चार-पाच गोष्टी पाळा. जे दिसलं, ऐकलं तेच लिहा. अंदाज असेल तर "माझा अंदाज" असं लिहा. "मस्ती करत होता", "हट्टी आहे" असले शेरे नकोत. वेळ आकड्यात लिहा. ज्यानं पाहिलं त्यानंच लिहायचं, ऑफिसनं त्याच्या वतीनं नाही. लिहिता येत नसेल तर दुसऱ्यानं शब्दशः उतरवून वाचून दाखवायचं. त्याच पाळीत लिहायचं, उद्यावर टाकायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची. व्हाइटनर लावायचं नाही, पान फाडायचं नाही. जखम शरीरावर कुठं आहे हे माणसाच्या साध्या आकृतीवर खूण करून दाखवा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

आणि मोबाइलबद्दल. घाईत व्हॉइस नोट करून ठेवली तर हरकत नाही, नंतर रजिस्टरला उतरवा. पण मुलाचे जखमेचे फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ती त्याची खासगी गोष्ट आहे, आणि ग्रुपवरचा फोटो कुठं फिरेल ते आपल्या हातात राहत नाही.

विषय निघालाच आहे तर फिटबद्दलही सांगून टाकतो. फिट आली की घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन.

[१५:५०] आतलं आत मिटवलं तर काय होतं

आता जरा जड गोष्ट. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेतल्या पाच मुलांचे मृत्यू उपासमारीनं आणि कुपोषणानं झाल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. मग राज्यातल्या अशा संस्थांची पाहणी करायला समिती नेमली गेली, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी तिच्या प्रमुख होत्या. पुढं २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोली इथल्या संस्थेत मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याचं उघड झालं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं संस्थेच्या संस्थापकासह काही जणांना दोषी ठरवलं.

कुपोषणानं मूल एका दिवसात मरत नाही. वजन आधी उतरतं, आठवड्यामागून आठवडा. दर महिन्याला वजन लिहिणारा आणि ते आकडे वाचणारा एक माणूस असता, तर धोक्याची घंटा कितीतरी आधी वाजली असती. म्हणून मी म्हणतो, ही कागदं कंटाळवाणी वाटली तरी त्यांच्यावर जीव टांगलेला असतो.

मग कळवायचं कुठं?

मूल अठरा वर्षांच्या आतलं आहे आणि लैंगिक अत्याचार झाला किंवा होईल असं वाटतंय, तर पोक्सो कायदा २०१२. पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, सगळ्यांना. आधी संस्थेनं चौकशी करायची, मग बघू, असा पर्याय कायद्यात नाही. न कळवल्यास शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखानं दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. सोबत बालकल्याण समिती आणि १०९८ हा नंबर आहेच.

वय काहीही असो, दिव्यांग व्यक्तीचा छळ, हिंसा किंवा शोषण होत असेल, तर दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ७. झालंय, होतंय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, तरी कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो. आपल्याकडं हे अधिकार तहसीलदारांकडं असतात. म्हणजे तालुक्याच्या गावाला जाऊन अर्ज देता येतो. ते व्यक्तीची सुटका करायचा, सुरक्षित ठेवायचा आदेश देऊ शकतात. याच कायद्याच्या कलम ९२ नुसार, ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड.

संस्थेच्या कारभाराबद्दल तक्रार असेल तर विशेष शाळेसाठी जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, बालगृहासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, आणि दोन्हींसाठी पुण्यातलं दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय. वकील लागला तर दिव्यांग व्यक्तीला, बालकाला आणि स्त्रीला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

आत्ता या क्षणी जीवाला धोका असेल तर हे सगळं नंतर. आधी ११२.

[१८:३०] भीती कुणाला कशाची

एवढं सगळं असून नोंद का होत नाही? भीती.

काळजीवाहक ताईला भीती, की लिहिलं तर आपल्यावरच येईल. रात्री तीस पोरं आणि ती एकटी, हे कुणी लिहीत नाही. "ताईंचं लक्ष नव्हतं" हे मात्र सगळे म्हणतात. संस्थाचालकाला भीती, की नाव खराब होईल, मान्यता जाईल. आणि पालकांना सगळ्यात मोठी भीती, की जास्त विचारलं तर म्हणतील, "घेऊन जा तुमचं लेकरू." ऊसतोडीला जाणाऱ्या आईला हे वाक्य परवडत नाही, म्हणून ती गप्प बसते.

यावर माझ्याकडं जादूचं उत्तर नाही. पण संस्थाप्रमुखांना एक सांगावंसं वाटतं. घटना कळल्यावर तुमचा पहिला प्रश्न "कुणाची चूक?" असेल, तर पुढची घटना तुमच्यापर्यंत येणारच नाही. पहिला प्रश्न "मूल कसं आहे?" आणि दुसरा "हे परत होऊ नये म्हणून काय बदलायचं?" असला, तर लोक सांगतील. अपवाद एकच: मारहाण, अत्याचार, उपासमार. तिथं समजुतीनं घ्यायचं काम नाही, कायदा आहे. आणि वर्षभर रजिस्टर कोरं असेल तर खूश होऊ नका. तीस पोरं असलेल्या घरात वर्षभर कुणीच पडलं नाही, हे कुणाला पटेल?

आता हे दोन कागद जोडायचे. प्रत्येक घटनेच्या नोंदीखाली एक ओळ सक्तीची ठेवा: "यामुळे प्लॅनमध्ये काय बदललं?" काहीच बदललं नसेल तर "बदल नाही, कारण असं असं" हेही लिहा. पण ती ओळ रिकामी ठेवायची नाही. फिट आली, तर अंघोळीला माणूस जवळ. रात्री झोपला नाही, तर सकाळच्या ताईला निरोप. तीन फिट झाल्या, तर डॉक्टरला तारखा दाखवायच्या. घटना लिहिली आणि प्लॅन तसाच राहिला, तर त्या नोंदीचा मुलाला काही उपयोग झाला नाही.

[२०:४०] ताई, तू हे विचार

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आणि ज्यांचं कुणी अशा संस्थेत आहे त्या सगळ्यांसाठी. भेटायला गेलात की शांतपणे, भांडण न करता, पाच प्रश्न विचारा:

१. याचा केअर प्लॅन मला वाचायला मिळेल का? त्यावर शेवटची तारीख कोणती आहे?

२. मागच्या भेटीपासून याला काय काय झालं? ती नोंद दाखवाल का?

३. त्यावेळी जवळ कोण होतं, आणि आम्हाला कधी कळवलं?

४. त्यानंतर याच्या काळजीत काय बदललं?

५. तो बदल रात्रीच्या माणसांना माहीत आहे का?

उत्तरं तिथंच मोबाइलवर तारखेसकट लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आणि भाऊ-बहीण अठरा पूर्ण करत असतील तर पुढचा कायदेशीर पालक कोण, हे वेळेत ठरवा. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकारी ज्यात असतात त्या स्थानिक समितीकडं त्यासाठी अर्ज करता येतो.

हे प्रश्न मी त्या ताईला आधीच पाठवले होते. ती परत गेली. आईला फोनवर घेतलं, कारखान्यावर रेंज मिळेपर्यंत अर्धा तास गेला. अधीक्षकांनी फाईल काढली. प्लॅनवर तारीख होती प्रवेशाच्या वर्षाची, आणि त्या दिवशीच्या पडण्याची नोंद दीड ओळीची. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसा, आपण आत्ताच लिहू." फोन स्पीकरवर ठेवला आणि आई सांगत गेली, ते लिहीत गेले.

तिनं मला त्या पानाबद्दल परवा सांगितलं. वरची पहिली ओळ अशी आहे: "झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी फिट येते. पाण्याजवळ एकटं सोडू नये." खाली तारीख आहे, आणि चार सह्या. त्यातली एक रात्रपाळीच्या ताईची.

भाग आवडला तर अशा संस्थेत काम करणाऱ्या तुमच्या ओळखीच्या एका माणसाला पाठवा. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज करा, आम्ही ऐकतो.